गॉलवेत हंटिंगसाठी भाड्याने घेतलेला घोडा: घोडा पाच स्टार, यार्ड अडीच

आधीच सांगते, यार्डचं (म्हणजे घोडे भाड्याने देणाऱ्या तबेल्याचं) नाव लिहित नाहीये, माणसं वाईट नाहीत फक्त फोन उचलत नाहीत. पण आयर्लंडमध्ये राहताय, राइडिंग येतं आणि हिवाळ्यात एकदा हाउंड्सबरोबर, म्हणजे शिकारी कुत्र्यांबरोबर फॉक्सच्या मागे, घोड्यावरून जाऊन बघू असं डोक्यात असेल तर हे वाचून जा.

मी पुण्यात राइडिंग शिकले, इथे आल्यावर तीन वर्षं दर शनिवारी जंपिंग करतेय, तर ऑफिसमधली एक जण म्हणाली एकदा हायरलिंग घेऊन बघ. हायरलिंग म्हणजे हंटच्या दिवसापुरता भाड्याचा घोडा. त्याचे पैसे यार्डला, आणि पाहुणा म्हणून हंटला (शिकार भरवणाऱ्या मंडळाला) द्यायचे ते वेगळे, त्याला कॅप म्हणतात. दोन्ही मिळून आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. नवऱ्याला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

जानेवारीतला शनिवार, रात्री पारा शून्याखाली गेलेला. जमीन गोठली की हंट रद्द होते नाहीतर उशिरा सुरू करतात, कारण दगडासारख्या जमिनीवर उडी मारून उतरताना घोड्यांचे पाय जातात आणि हाउंड्सचे पंजे फाटतात. हे माहीत होतं म्हणून सकाळी सातपासून फोन लावतेय, चार कॉल, दोन मेसेज, उत्तर नाही. शेवटी अंधारात काचेवरचा बर्फ खरवडून तासभर गाडी चालवत पोचले तर तिथला पोरगा शांतपणे म्हणतो, अकराचं बारावर गेलंय. चहा विचारलासुद्धा नाही हो! वर रिकिबीचे पट्टे माझ्या उंचीला लांब (मी पाच फूट एक), सगळ्यात वरचं भोक घेऊनही पाय पोचेनात, मग पट्ट्याला रिकिबीपाशी एक वेढा मारून आखूड केला. उंची मी बुकिंगच्या वेळीच कळवली होती.

आणि मग घोडा बाहेर आणला. पांढुरका, सोळा हँड्स उंच (एक हँड म्हणजे चार इंच), आयाळीच्या बारीक वेण्या घातलेल्या, अंगावरचे केस भादरलेले पण पायांवरचे आणि खोगिराखालचे ठेवलेले, म्हणजे घाम कमी येतो पण काटेकुटे लागत नाहीत आणि पाठ घासत नाही. चकाचक. त्याने माझ्याकडे एकदाच असं बघितलं की मी मनात त्याचं नाव आबा ठेवलं.

मीट, म्हणजे निघण्याआधी सगळे जमतात ती, एका पबसमोर होती. हाउंड्सना 'डॉग्ज' म्हणायचं नाही हे मी म्हणून झाल्यावर कळलं, शेजारच्या आजींनी डोळे वटारले. मोजतात पण जोडीने, त्या दिवशी साडेसतरा जोड्या म्हणजे 35. लाल कोटाला पिंक म्हणतात. घोड्याचं तोंड कायम हाउंड्सकडे ठेवायचं, चुकून हाउंडला लाथ बसली तर तुमचं काही खरं नाही. शेपटीला लाल रिबीन असलेला घोडा लाथा मारतो, त्याच्यापासून लांब राहायचं. यातलं एक अक्षर यार्डने सांगितलं नाही, सगळं आजींनी सांगितलं. आबाला मात्र माहीत होतं, लाल रिबीनवाली घोडी दिसल्यावर तो आपणहून बाजूला झाला.

पुढे हाउंड्स आत शोधत असताना पाऊण तास एका झाडीबाहेर पावसाच्या भुरभुरीत नुसतं उभं राहणं. हंटिंगमध्ये निम्मा वेळ उभंच राहायचं असतं. माझे ग्लोव्ह्ज भिजून बोटं बधिर झाली, आजींनी खोगिराच्या पदराखालून सुती दोऱ्याचे ग्लोव्ह्ज काढून दिले. ओल्या लगामावर लेदर घसरतं, हे घसरत नाहीत, म्हणून जुने लोक एक जोडी तिथे खोचूनच ठेवतात. तुम्ही पण न्या.

मग शिंग वाजलं आणि सगळे एकदम सुटले. गॉलवे म्हणजे दगडी गडगे, आपल्या कोकणात असतात तसेच, मातीशिवाय नुसते रचलेले, आणि शेतामागे शेत. पहिल्या गडग्याला मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू. आबाने दोन पावलं मोजली, उडी घेतली, पलीकडे उतरला आणि मी पुढे फेकले गेले तर मान वर करून मला परत खोगिरात बसवलं. सात की आठ गडगे झाले, एकाच्या वरचे दोन दगड पडले, ते रचायला मागून माणसं येतात. एका ओढ्यापाशी मी घाईत टाच मारली तर आबा ढिम्म, आधी पलीकडचा काठ बघितला मग उडी. त्या वीस मिनिटांसाठी किराणा माफ.

आता ज्याच्यामागे हे सगळं तो. आपण सर्रास कोल्हा म्हणतो पण कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड. इंग्रजांनी पुण्या-खडकीला हाउंड्स पाळले होते ते खरोखर कोल्ह्यांमागे धावायचे, इथे मात्र तांबडं खोकड. मला एकदाच दिसलं, एवढंसं, गडग्यावरून पळत मेंढरांच्या कळपात शिरलं आणि मेंढ्यांच्या वासात त्याचा वास मोडला. हाउंड्स गोल गोल फिरत राहिले, सगळे हळहळले, मला आतून बरं वाटलं. आयर्लंडमध्ये हे कायद्याने अजून चालतं. शेजारी इंग्लंड आणि वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून बंद आहे, त्यानंतर तिथे माणसांनी आधी जमिनीवरून ओढून ठेवलेल्या वासामागे धावायची पद्धत आली. मला विचाराल तर गडगे तेच, घोडा तोच, मग खोकडाला कशाला धावडवायचं? तुम्हाला हे पटत नसेल तर जाऊच नका, मीही परत हंटला जाणार नाही.

तीन वाजता आमच्यातले काही निघाले. निघताना मास्टरला (हंटच्या प्रमुखाला) 'गुड नाइट' म्हणायचं, भर दुपार असली तरी. मीही म्हटलं, दात वाजत होते. यार्डवर परत आल्यावर त्याच पोराने आबाच्या चारही पायांवरून हात फिरवून काटे बघितले, पाठीवर ब्लँकेट घातलं, कोमट पाणी दिलं. माझ्याकडे बघितलंही नाही. एका अर्थी बरोबरच आहे म्हणा.

तर, स्वतःला जंपिंग नीट येत असेल तरच घ्या, नवशिक्यांसाठी अजिबात नाही. पट्टे स्वतःचे न्या, कोरडे कपडे गाडीत ठेवा, वेळ हंटच्या माणसाकडूनच विचारून घ्या. यार्डवाले हंटिंगशिवाय नुसती राइडही देतात असं ऐकलंय, मार्चमध्ये आबासाठी फोन लावणार आहे, उचलला तर. पोलोच्या पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी खिशात ठेवा, त्याला कागदाचा आवाज पलीकडच्या तबेल्यातून ऐकू येतो.