मायग्रेन, ताण की सायनस? डोकेदुखी ओळखायची कशी

एका बाजूला ठणकलं की अर्धशिशी, कपाळ भरलं की सायनस, मान धरली की मणका. अशी वाटणी करून आपण मोकळे होतो आणि तिथेच फसतो. मायग्रेन दोन्ही बाजूंना होतो, मानेतही उतरतो. म्हणून जागेपेक्षा दोन गोष्टी बघा: दुखणं किती वेळ टिकतं आणि तेवढ्या वेळात तुम्ही काय करता.

ताणाच्या डोकेदुखीत माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण जिना चढल्याने ते वाढत नाही. अर्धा तास ते 7 दिवस, कितीही चालू शकतं. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन बहुधा पुरतं.

मायग्रेनमध्ये माणूस अंधार करून पडून राहतो. उपचार घेतला नाही तर 4 ते 72 तास, हालचालीने वाढणारा ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. इथे गोळी लवकर घ्यायची, दुखणं चढेपर्यंत थांबायचं नाही. साध्या गोळीने भागलं नाही तर डॉक्टर ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनवरची खास औषधं, देतात; हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती चालत नाहीत. झटके वारंवार येत असतील तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध मागा. प्रोप्रानोलॉल चांगलं, पण दमा असल्यास नको. गर्भधारणेचा विचार असेल तर व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही प्रतिबंधक औषधं टाळायला हवीत, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

क्लस्टर डोकेदुखी विरळ, पण भयंकर. एकाच डोळ्याभोवती 15 मिनिटं ते 3 तास असह्य कळा, त्याच बाजूचा डोळा लाल, नाक वाहतं, आणि माणूस पडून न राहता येरझारा घालतो. गोळीचा परिणाम होईपर्यंत झटका बरेचदा ओसरलेला असतो. त्यामुळे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टान या ट्रिप्टानचं इंजेक्शन द्यावं लागतं.

सायनसबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. घट्ट पिवळा शेंबूड, ताप, वास न येणं यांपैकी काहीच नसताना तेच दुखणं मळमळ घेऊन पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते बहुधा मायग्रेनच असतं. अँटिबायोटिकचे कोर्स वाया जातात आणि वर्षं निघून जातात.

गोळ्यांचे दिवस कॅलेंडरवर लिहाच. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेल्या) गोळ्या 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्याच डोकं दुखवू लागतात.

स्कॅनची घाई करू नका. मायग्रेन त्यात दिसत नाही. मात्र क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापासोबत ताठरलेली मान, हातापायातली कमजोरी, अडखळणारी बोली किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी गाठा. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधूक होणं, म्हणजे रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. दृष्टी वाचवण्यासाठी स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं, तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता.