टमी टकनंतरचा पोटाचा पट्टा: सगळं काठावर अडतं

नऊ इंची, तीन पट्ट्यांचा, वेल्क्रोवाला पोटाचा पट्टा. मेडिकलमध्ये सात-आठशे रुपयांत मिळतो तोच. बाळंतपणानंतर, हर्नियानंतर आणि टमी टकनंतरही (पोटाची जादा कातडी कापून स्नायू आवळायची शस्त्रक्रिया) हाच हातात देतात. याचा वेल्क्रो सहा आठवडेही टिकला नाही. तक्रार केली तर कंपनीचं उत्तर, ‘अंगाला लागणारी वस्तू आहे, परत घेता येत नाही.’ एवढ्या रकमेसाठी ग्राहक आयोगात कुणी जात नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे. पण वेल्क्रो हा या पट्ट्याचा दुय्यम दोष. खरी खोट वरच्या काठात आहे आणि तिच्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नाही.

बसलं की हा काठ दुमडतो. उभ्या काड्या असतात त्या पाठीला. पुढे नुसतं इलॅस्टिक. त्यात टमी टकनंतर पहिले सात-दहा दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं, झोपतानाही पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा. म्हणजे पट्ट्याचा पुढचा भाग जवळजवळ सतत दुमडलेला. नऊ इंचांवर पसरायचा दाब मग बोटभर रुंदीच्या दोरीसारख्या वळीवर येतो.

हर्नियाच्या पेशंटला याने खाज येईल, वळ उठेल, संपलं. टमी टकमध्ये गोष्ट वेगळी. पूर्ण शस्त्रक्रियेत ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन कातडी आणि चरबीचा थर वर छातीच्या हाडापर्यंत सोडवतात. नाभी देठासकट जागेवर ठेवतात, मधोमध फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, थर खाली ओढून जादा कातडी कापतात आणि नाभीसाठी नवं भोक पाडतात. हे करताना पोटाच्या स्नायूंतून कातडीला येणाऱ्या बऱ्याच रक्तवाहिन्या तुटतात. उरतं ते बरगड्यांकडून आणि कुशीतून खाली येणारं रक्त. टाक्यांच्या रेषेच्या मधला भाग म्हणजे पाण्याच्या लाइनीवरचं शेवटचं घर. वळलेला काठ नेमका त्याच्या वरच्या अंगाला आडवा बसतो. कातडी दगावते ती बहुधा इथेच: आधी निळसर-जांभळी, मग काळी. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे सिगारेट, तंबाखू बंद ठेवायला सांगतात ते याच भागासाठी.

त्यात भर म्हणजे नाभीखालचा भाग कित्येक महिने बधिर असतो. काठ रुततोय हे कळतच नाही. म्हणून दर दोन-तीन तासांनी आरशात बघायचं. पट्टा सोडल्यावर लाल रेघ अर्ध्या तासात गेली नाही, तर तो घट्ट आहे किंवा दुमडतोय. आत बिनशिवणीची सुती बनियन घालून ती वर काठावर उलटी घेतली की थोडा फरक पडतो. बारा इंची घेणं हा उपाय नव्हे. बुटक्या धडाला तो बरगड्यांखाली टोचतो आणि जास्तच दुमडतो. माप खुर्चीवर बसून घ्यायचं: छातीच्या खालच्या घडीपासून जांघेपर्यंत जितकं भरेल, त्यापेक्षा पट्टा दोन इंच तरी कमी हवा. दुकानदार उभं राहून फक्त घेर मोजतो.

घट्टपणाबद्दल फार गैरसमज आहेत. स्नायू आवळल्यामुळे पोटातला दाब आधीच वाढलेला असतो. वरून पट्टा करकचून बांधला तर पायांतून परतणारं रक्त आणखी मंदावतं. पिंढरीत गुठळी होण्याचा धोका त्यामुळेच वाढतो. दोन बोटं सहज आत जावीत आणि खोल श्वास अडू नये, इतकाच ताण पुरे. शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वाकून का होईना, चालायचं. एकच पिंढरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर पट्टा सैल करून वाट बघत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

एवढं सुनावल्यावरही पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतं मत बदलावं लागतं. ड्रेन, म्हणजे कातडीखाली साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, असेपर्यंत याच पट्ट्याला तोड नाही. झोपल्या झोपल्या उघडता येतो, सूज वाढली-उतरली तसा सैल-घट्ट होतो. हूकवाला गर्डल, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी चड्डी, त्या दिवसांत पायांतून वर चढवणं अशक्य. नळ्या मात्र पट्ट्याखाली मुडपू द्यायच्या नाहीत. ड्रेनचा फुगा लोंबकळत न ठेवता सेफ्टी पिनने पट्ट्याला अडकवायचा. रिकामा केल्यावर आधी दाबून हवा काढायची आणि मगच बूच लावायचं, नाहीतर तो ओढतच नाही. रोजचं माप मिलीलिटरमध्ये लिहून ठेवायचं. चोवीस तासांत साधारण तीसच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. काही सर्जन कातडीचा थर आतून जागोजागी स्नायूंवर टाचतात, मग ड्रेन लागतही नाही.

नळी निघाल्यावर पोटात पाणी हिंदकळल्यासारखं वाटलं, टिचकी मारल्यावर लाट उठली, तर तो सेरोमा, म्हणजे कातडीखाली साचलेलं पाणी. ‘पट्टा घट्ट करा, जिरेल’ हा सल्ला ऐकू नये. मोठा असेल तर डॉक्टर सुईने काढतात, कधी दोन-चार वेळाही.

वेल्क्रो मरतो तो धुण्याने. उघडा टाकला की टॉवेलचे धागे त्यात अडकतात. बंद करून, गार पाण्यात, हाताने धुवायचा. कम्फर्टसारखं काही नको, वाळवायचा सावलीत. दोन पट्टे लागतातच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एक पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही आणि ओलसर घातला तर घडीत नायटा होतो.

जखमा भरल्या की, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, सर्जनला विचारून गर्डलवर जावं. मांड्यांपर्यंतचा, हूक-झिपवाला तीन-चार हजारांना पडतो. झिपमागे कापडाची पट्टी नसेल तर घेऊ नये, कातडी अडकते. बहुतेक सर्जन एकूण सहा आठवडे पट्टा घालायला लावतात आणि तेवढाच काळ चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू देत नाहीत. संध्याकाळची सूज मात्र तीन महिने, कधी सहा-आठ महिनेही राहते. पट्ट्याने चरबी कमी होत नाही आणि व्रण फिका आणि मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतंच.

खर्चाचं तर विचारूच नका. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही. आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची माफीही तिला नाही. सोबत नाभीचा हर्निया असेल तर तेवढ्या भागाचा क्लेम वेगळा मांडता येतो का, हे शस्त्रक्रियेआधी विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. पॅकेजमध्ये ‘गारमेंट’ लिहिलेलं असेल तर कोणता, किती आणि कुठल्या मापाचा हेही लेखी मागावं. बऱ्याचदा तो हाच सात-आठशेवाला निघतो आणि बिलात गर्डलच्या भावाने लागतो.