स्कोपच्या स्क्रूंसाठी टॉर्क रेंच घ्यावा का? काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी रायफल ०.१७७ इंच व्यासाच्या नळीची, नळी मोडून लोड करायची स्प्रिंगवाली एअर रायफल. या प्रकारात स्क्रू सैल होणं ठरलेलंच. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. पिस्टन पुढे जाऊन थडकला की तीच रायफल पुढे हिसका देते. या दुसऱ्या हिसक्याने स्कोप, म्हणजे वर बसवलेली नेमाची दुर्बीण, हळूहळू मागे सरकतो. ग्रुप फुटायला लागला, म्हणजे नेम तोच असून छिद्रं लांब लांब पडायला लागली, की पेलेटला (छर्‍याला) दोष देण्याआधी स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंग तपासाव्यात त्या यासाठीच.

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच स्क्रू आवळणारं हत्यार. मी स्क्रूड्रायव्हरच्या आकाराचा, १० ते ६५ इंच-पाउंडचा (हे फिरवण्याच्या जोराचं माप) रेंच घेतला. रिंगच्या टोपीचे (वरच्या अर्ध्या भागाचे) स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडच आवळायचे असतात, म्हणजे जेमतेम २ न्यूटन-मीटर. हे किती कमी आहे ते हाताला रेंचमुळेच कळतं. एल-कीची (एल आकाराच्या षटकोनी चावीची) लांब बाजू धरून जोर लावला तर आकडा सहज याच्या पुढे जातो. मग स्कोपच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर वळ उठतात, स्कोपवरची झूमची रिंग जड फिरते, नाहीतर आटे जातात.

खरा फायदा एकसारखेपणाचा. स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, टोपीच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवायच्या आणि शेवटी रेंचमधला क्लच ‘कट्’ करून सुटेपर्यंत फिरवायचं. मात्र रेंच पकड मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्यातला बहुतेक घर्षणातच जातो. आट्यांना तेल असेल तर त्याच आकड्यावर पकड कितीतरी जास्त बसते. म्हणून आटे स्पिरिटने पुसूनच घ्या.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दस्त्याच्या स्क्रूंवर. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि स्क्रूची पकड बदलत राहते. इथला आकडा मात्र कंपनीने दिलेलाच घ्यावा, अंदाजाने नाही.

रेंचसोबतचे बिट (पुढे लावायची टोकं) मऊ निघाले, कडा लवकर झिजल्या. चांगले वेगळे घ्यावे लागले. रेंचच्या मुठीवरचे आकडेही कमी उजेडात नीट दिसत नाहीत.

एकच रायफल आहे आणि स्कोप एकदा बसवला की काढायचा नाही, अशांनी हा खर्च करू नये. एल-कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांनी आवळा आणि स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ सरकली की स्क्रू फिरला. ज्यांचा स्कोप वरचेवर निघतो त्यांनी जरूर घ्यावा, आणि काम झालं की रेंचवरचा आकडा सगळ्यात खाली आणूनच ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते.