रोजचे ३०० म्हणजे ३०० नव्हेत! गूगल अ‍ॅड्सचं बजेट वापरून बघितलं त्याचा रिव्ह्यू

आधी सांगतो, मी काय मार्केटिंगवाला नाही. आईचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरची लक्ष्मीपुरीतनं आणायची, कांडप करून आणायचं, पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं करायची आणि पुण्या-मुंबईला कुरिअर. गूगलवर कुणी काही शोधलं की दिसते त्या जाहिरातीचं खातं मी बघतो आणि आई वहीत लिहिते, आज किती गेले, किती आले.

गेल्या फेब्रुवारीत सीझनच्या तोंडावर एका एजन्सीवाल्याकडनं कॅम्पेन सुरू करून घेतलं (नाव सांगत नाही, कोल्हापूर लहान आहे). रोज ३०० रुपये, त्याच्यावर एक रुपया जाणार नाही म्हणाला. पहिल्या रविवारी बघतो तर ५७१ गेलेले. आईनं वही माझ्यापुढं आपटली. त्याला फोन लावला तर "दादा सिस्टीम आहे, होतंय असं".

मग बसलो नियम वाचत. तर ते रोजचं बजेट म्हणजे 'सरासरी' रोजचं बजेट असतंय. ज्या दिवशी सर्च जास्त त्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, म्हणजे ३०० चे ६००, आणि बाकीच्या दिवशी कमी जाऊन महिन्याला बजेटच्या ३०.४ पटीच्या वर घेत नाहीत, म्हणजे ३०० ला ९१२०. हे लपवून ठेवलेलं नाही, मदतीच्या पानावर लिहिलंय, पण ते वाचतंय कोण. आईला सांगितलं, दुधाच्या रतीबासारखं आहे, एखाद्या दिवशी लिटरभर जास्त, पण महिन्याचा हिशोब ठरलेला. तर ती म्हणाली, "पण जास्तीचं दूध मी मागितलं होतं काय?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि त्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. तेव्हा आता मी उलटा हिशोब करतो. महिन्याला खिशातनं सगळं मिळून ७००० च जायला पाहिजेत तर ७००० भागिले १.१८ म्हणजे ५९३२, त्याला भागिले ३०.४, आले १९५. बास, १९५ टाकायचे आणि एखाद्या दिवशी ३९० दिसले तरी बोंब मारायची नाही. आणखी एक, घाबरून दिवसात चार वेळा बजेट खालीवर करू नका, त्या दिवशी टाकलेला सगळ्यात मोठा आकडा असतोय त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतंय, मागनं कमी केलं तरी.

पण खरी गळती बजेटमध्ये नव्हतीच. लोक काय टाइप करून आपल्या जाहिरातीवर आले ते सर्च टर्म्समध्ये दिसतंय, तिथं गेलो आणि डोक्याला हात लावला. कोल्हापुरी मसाला रेसिपी. व्हेज कोल्हापुरी कसं करायचं. मसाला कांडप मशीन किंमत. कोल्हापुरी जेवण हडपसर. एकाला तरी मसाला विकत पाहिजे होता काय? एका क्लिकला आठ-नऊ रुपये आणि आपण फुकटात लोकांना स्वयंपाक शिकवायला निघालोय! मग रात्री बसून निगेटिव्ह कीवर्डची यादी केली, म्हणजे हे शब्द कुणी शोधले तर आपली जाहिरात दाखवू नको असं सांगायचं. ह्यात एक गोम आहे, निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत, रेसिपी टाकलं म्हणून कृती अडत नाही, त्यामुळं रेसिपी वेगळा, कृती वेगळा, कसा करायचा वेगळा, परत हेच सगळं इंग्रजी अक्षरात. माझी यादी ६० च्या वर गेलीय आणि अजून दर सोमवारी दोन-तीन भर पडतातच.

त्या एजन्सीवाल्यानं लोकेशनपण आहे तसंच सोडलेलं. मुळातलं सेटिंग असं असतंय की त्या भागात असलेले आणि त्या भागात नुसता इंटरेस्ट दाखवलेले असे दोन्ही धरतात, म्हणजे आम्ही पुणं निवडलं तरी पुण्याबद्दल काहीतरी शोधणारा लखनौचा माणूस पण आला त्यात. ते बदलून फक्त तिथं असलेले लोक केलं. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आणि अ‍ॅपवर जाहिरात दाखवायची, खूण काढली. क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे त्याची मर्यादा लावली. आणि वेळ सकाळी ९ ते रात्री ९, कारण रात्री दीडला व्हॉट्सअ‍ॅपवर "रेट?" विचारणाऱ्याला उत्तर द्यायला कोण जागं असतंय, सकाळपर्यंत तो विसरलेला असतोय. आमच्या खात्यात पैसे आधी भरायची सोय आहे, तीच ठेवलीय. शिल्लक संपली की जाहिरात थांबते. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला खरं झाकण हेच.

फेसबुक-इन्स्टावर पण थोडे दिवस चालवली. तिथं पण रोजचा आकडा मागंपुढं होतोय, हिशोब आठवड्याचा, सात पटीच्या वर नाही. तिथली एक गोष्ट मला लई आवडली, सगळ्या खात्याला मिळून एक खर्चाची मर्यादा घालता येते, तिथं पोचलं की सगळं बंद. पण आमच्या मसाल्याला तिथनं लाइक मिळाले, ऑर्डरी नाहीत. मोबाइलवर रील बघणाऱ्याला मसाला संपलाय हे आठवत नसतंय, गूगलवर शोधणाऱ्याचा डबा रिकामा असतोय.

तर ५ पैकी साडेतीन. अर्धा कापला तो 'रोजचं बजेट' ह्या नावासाठी, 'सरासरी' हा शब्द जरा मोठ्या अक्षरात पाहिजे होता. बाकीचा एक कापला कारण नुसतं लावून सोडून द्यायची ही वस्तू नाही, रोज दहा मिनिटं द्यायलाच लागतात, शेगडीवर दूध ठेवल्यासारखं. एजन्सीला स्टार देत नाही.

काल १७८ गेले, ऑर्डरी चार. त्यातली एक सोलापूरची. आई वहीत लिहिता लिहिता म्हणाली, "त्यांच्यात काळा मसाला आहे की, ह्यांना आपला कशाला पाहिजे?" तरी पाकीट तिनंच बांधलं, चमचाभर जास्त घालून.