धुळ्याच्या मेकॅनिक जिभाऊंनी माझ्या हिमालयनचं बोंबलणं बंद केलं, त्या कामाचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकतो, चूक माझी होती. रॉयल एनफील्डची २०१९ ची हिमालयन ४११, वर्षभर कंपनीच्या सायलेन्सरवर मस्त चालली, मग ग्रुपमधल्या एकाची गाडी ऐकली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. इंदोरी फटाका म्हणजे तो मुद्दाम फटफट करणारा सायलेन्सर नाही घेतला हां, ऑनलाइन चांगला महागातला घेतला, खोक्यावर 'टूरिंग स्पेशल' छापलेला, ब्रँडचं नाव घेत नाही कारण बसवतानाचे घोळ माझेच होते. सोबत पिशवीत एक बोटभर लांबीची पुंगळी आली होती, डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसवून आवाज दाबणारी, ती त्याच दिवशी माळ्यावर फेकली. आणि ओरिजिनल सायलेन्सर दीड हजारात विकून टाकला. हे दीड हजार लक्षात ठेवा भो, पुढचा सगळा ताप त्याच्यामुळे.

गावात दोन-तीन महिने भारी वाटलं. मग धुळे, शिरपूर, सेंधवा करत मांडूला गेलो. बिजासन घाट चढेपर्यंत ठीक होतं, पुढे सरळ रोडवर ऐंशीच्या स्पीडला जो घूंऽऽ आवाज हेल्मेटमध्ये भरून राहिला तो संध्याकाळपर्यंत गेलाच नाही, लॉजवर पंखा बंद केला तरी कानात शूंऽ चालूच. सौ. म्हणाली येताना मी एसटीने येते. तिला हसण्यावारी नेलं, पण ती खरंच सेंधव्याला उतरायची भाषा करत होती.

आता ऐंशीलाच का त्रास होतो ते सांगतो, कारण हे मलाही नंतर कळलं. ही गाडी पाचव्या गिअरला ऐंशीला साधारण चार हजार आरपीएम दाखवते, सिंगल सिलेंडर फोर स्ट्रोक म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला तेहतीसेक ठोके. हा एकदम खालच्या पट्टीतला आवाज, कानात फोमचे बोळे घातले तर वाऱ्याची शिट्टी बऱ्यापैकी मरते पण हा घूं तेवढा दबत नाही, छातीतून येतो. आणि लांबच्या प्रवासात आपण तासन्‌तास त्याच आरपीएमवर बसून असतो. गावातल्या गावात पानटपरीपर्यंत जाणाऱ्याला हे कधीच समजणार नाही.

गल्लीतले आप्पा एकदा सकाळी गेटवरच उभे. "हाई गाडी शे का ट्रॅक्टर?" मी पाच वाजता निघायचो ना, राइडला. कायद्यात रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रच धरलीय आणि रहिवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबलची, हे आप्पांना माहीत नव्हतं पण त्यांची झोप मोडत होती तेवढं पुरे होतं. मग मी गाडी ढकलत मेन रोडपर्यंत नेऊन तिथे स्टार्ट करायला लागलो. एकशे नव्वद किलोच्या वरची गाडी, पहाटे, ढकलत. एवढं झाल्यावर माणसाला अक्कल यायला पाहिजे ना.

'आवाज असला की ट्रकवाल्याला समजतं' हे मीपण लोकांना ऐकवायचो. मुकटीजवळ एका कंटेनरवाल्याने मला दाबत दाबत साइडपट्टीवर घातलं तेव्हा सायलेन्सर बोंबलतच होता. आवाज जातो मागे, तो बसलाय पुढे, काचा बंद, आत गाणी चालू. त्याला काय घंटा ऐकू जाणार.

स्वतःचे उद्योग पण झाले. माळ्यावरून ती पुंगळी काढून बसवली, तिचा बोल्ट कधीच हरवला होता म्हणून दुसराच कुठलातरी ठोकला. न्यूट्रलला आवाज कमी वाटला, चालवताना घूं तसाच, वरून उतारावर अॅक्सिलेटर सोडला की फट् फट् फटाके. मग एक व्हिडिओ बघून भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबली. हसू नका. पारोळ्याला पोचेपर्यंत निम्मी जळून उडाली आणि मागून येणाऱ्या मित्राच्या व्हायझरवर तारेचे तुकडे. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात दाखवली तर त्याने गाडीला हातही न लावता अजून महागाचा सायलेन्सर दाखवला. शोरूमला ओरिजिनलची किंमत विचारली आणि तोंड बारीक करून घरी आलो.

तर जिभाऊ. देवपुरात एका गल्लीत पत्र्याचं शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर उलटा ठेवलेला बुलेटचा टँक हीच खूण. साठीच्या आसपासचे, चष्म्याला दोरी. मी म्हटलं आवाज कमी करायचाय, त्यांनी सायलेन्सरकडे बघितलंच नाही, खाली इंजिनापाशी बसले. "सायलेन्सर मंग दखू, पहिले फट कोठे शे ते दखू."

गाडी थंड होती. बाटलीत साबणाचं पाणी घेतलं, बेंड पाइप जिथे इंजिनाला लागतो तिथे आणि मागे सायलेन्सरच्या जोडावर मारलं, पोऱ्याला सांगितलं स्टार्ट कर, आणि मागच्या तोंडावर जाडजूड चिंधी दाबून धरली. दोन्हीकडे बुडबुडे. इंजिनापाशी तर फस्स फस्स ऐकू येत होतं आणि पाइपावर काजळीचा काळा ओघळ, जो मी दोन वर्षं धूळ समजून पुसत होतो. झालं काय होतं, सायलेन्सर बदलताना मी बेंड पाइपसुद्धा काढला होता आणि जुनंच गॅस्केट परत बसवलं. ते गॅस्केट एकदा दाबलं की चपटं होतं, परत तसं सील करत नाही. निम्मा आवाज सायलेन्सरमधून जातच नव्हता, पुढूनच निसटत होता. आणि उतारावरचे फटाके पण त्याचेच, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात जाऊन पेटतं.

नवीन गॅस्केट टाकलं, दोन्ही नट आधी हाताने लावले मग थोडा हा थोडा तो असं करत आवळले, मागच्या जोडाला पेस्ट आणि नवीन क्लॅम्प. मग सायलेन्सर उघडला. रिव्हेट ड्रिलने उडवल्या, मागचं झाकण काढलं आणि आतलं ओढून बाहेर घेतलं तर काय, आपल्याकडे गंजीला आग लागल्यावर जसा कापूस काळा होऊन राहतो ना तसं, आणि पुढच्या बाजूला तर नुसता जाळीचा पाइप उघडा. ही ग्लासवूल असते, काचेच्या तंतूंची लोकर, पाइपाच्या भोकांतून आवाज तिच्यात शिरतो, तंतूंत घासून घासून त्याची उष्णता होते आणि आवाज मरतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, आवाज आपटून आपटून एकमेकाला खातो, त्यात जळण्यासारखं फार काही नसतं म्हणून ते वर्षानुवर्षं चालतात. आफ्टरमार्केटवाला, म्हणजे बाहेरून घेऊन बसवलेला, हलका का असतो ते तेव्हा कळलं, आत पाइप आणि लोकर, बस. ती लोकर संपली की उरतो डबा. विकणारा हे सांगत नाही की ही दर काही हजार किलोमीटरला भरावी लागते.

जिभाऊंनी जाळीला आधी स्टीलवूलचा एक पातळ वेढा दिला आणि वरून ग्लासवूल. मी म्हटलं अजून ठासा ना, तर म्हणाले ठासली की आवाज आत शिरणारच नाही, ढिली ठेवली की उडून जाईल, गादी भरतात तशी भरायची. (म्हणजे माझी घासणीची आयडिया अगदीच चुकीची नव्हती, फक्त जागा चुकली, वरून झाकण नव्हतं.) शेवटी लेथवर नवीन डीबी किलर बनवला, जुन्यापेक्षा लांब, कडेने भोकं पाडलेला. तोंड किती बारीक करायचं यावर आमची वाजली. मला एकदम बारीक पाहिजे होतं, ते म्हणाले घाटात दम घुटेल, गाडी तापेल, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तू चालवणार का मी? त्यांचंच ऐकलं, बरं झालं.

बिल: गॅस्केट १५०, पॅकिंगचं सामान ९००, लेथ ६००, मजुरी १०००. एकूण २६५०. पावती मिळत नाही, मागितली तर हसतात.

आवाज मोबाइलच्या ॲपवर मोजला. तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात, चार हजार आरपीएम, आधी आणि नंतर एकाच जागी एकच मोबाइल. ९६ वरून ८५. हे आकडे म्हणजे काही लॅबचा रिपोर्ट नाही, मोबाइलचा माइक मोठ्या आवाजाला गांगरतो, पण फरक खरा आहे. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा. आणि १७५ सीसीच्या वरच्या गाडीला ८० ची मर्यादा आहे ना मग ८५ कसा, असं कोणी विचारू नका, ती टेस्ट गाडी जाताना साडेसात मीटरवरून घेतात, दोन आकडे एकमेकाला लावून चालत नाहीत.

तरी कायद्याचं स्पष्ट सांगतो, नियमात पूर्ण बसायचं तर कंपनीचाच सायलेन्सर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजासाठी दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, आणि पोलिसांच्या रोडरोलरचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. मी सेकंडहँड ओरिजिनल शोधतोय, कोणाकडे पडला असेल तर सांगा, दीड हजार देतो.

टेस्ट म्हणून तोरणमाळला गेलो, सौ. मागे, शहाद्याच्या पुढे चहा घेतला तेव्हा तिच्या तोंडून आवाजाबद्दल एक शब्द नाही, हीच पावती. घाटात पाड्यावरची पोरं आधी कानात बोटं घालायची, या वेळी हात हलवत होती. यशवंत तलावापाशी गाडी लावून उतरलो तेव्हा कानात शूं नव्हतं. वरच्या टोकाला, शंभरच्या आसपास, ओढ किंचित कमी झालीय, मला चालते. नव्वदच्या पुढे वाऱ्याचा आवाज राहतोच, तो हेल्मेटचा प्रश्न, त्याला जिभाऊ काय करणार, कानात बोळे अजूनही घालतो.

स्टार चार. एक कापला कारण दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि झाकणाची एक रिव्हेट तिरकी बसलीय जी मला रोज दिसते. डीबी किलरचा बोल्ट पण पहिल्या तीनशे किलोमीटरला ढिला झाला, लॉकनट लावून घ्या आधीच.

आणि हो, परत येताना दोंडाईच्याच्या अलीकडे एक नवीनच आवाज सुरू झाला, खळ्ळ खळ्ळ, मला वाटलं पॅकिंग सुटलं. दुसऱ्या दिवशी तणतणत शेडवर गेलो. जिभाऊंनी चेन बोटाने वर उचलून दाखवली, लुळी पडलेली, कधीपासूनची देव जाणे.

"आते आयकू यी ऱ्हायनं ना तुले?"

चेन आवळायचे पैसे नाही घेतले.