दीड वर्ष आणि अनुदानाचे दोन हप्ते: एका इन्क्युबेशन सेंटरच्या सेवेचे परीक्षण

केळीच्या खोडापासून धागा काढणारे यंत्र आम्ही दोघा भावांनी सावद्याजवळच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात घरच्या पैशांवर उभे केले. त्याची सुधारित आवृत्ती बनवण्यासाठी मात्र खान्देशातील एका इन्क्युबेशन सेंटरचे, म्हणजे नव्या उद्योगांना निधी आणि मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या केंद्राचे, दार ठोठावले. तेथील सेवेचा दीड वर्षाचा अनुभव येथे नोंदवत आहे. सेंटरचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

पहिल्या भेटीतील सल्ला उत्तम होता. आमच्या मनात 2021 साली सुरू झालेली, 945 कोटी रुपयांची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना होती, कारण तीत प्रोटोटाइप (चाचणीसाठीचा पहिला नमुना) व चाचण्यांसाठी अशा सेंटरमार्फत 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकत होते. परंतु त्यासाठी लागणारी स्टार्टअप म्हणून मान्यता तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्थेलाच मिळत होती आणि आमचे दुकान भावाच्या एकट्याच्या नावावर आहे. खान्देशातील बहुतेक लेथवाले, वेल्डर आणि अवजारे बनवणारे असेच प्रोप्रायटर (एकटे मालक) आहेत, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. सल्लागाराने आमचा वेळ न दवडता व्यक्तीलाही अर्ज करता येणाऱ्या, 10 लाखांपर्यंतच्या निधी-प्रयास या केंद्र सरकारच्या योजनेकडे आम्हाला वळवले. तेथील तरुण अभियंता तर स्वतः बागेत येऊन यंत्रापाशी अर्धा दिवस उभा राहिला आणि रोलरमधील अंतर त्यानेच सुचवले.

त्रास सुरू झाला तो निधी-प्रयासचा आमचा अर्ज मंजूर झाल्यानंतर. देशाचा संशोधनावरील खर्च 2020-21 मध्ये जीडीपीच्या 0.64 टक्के होता, त्यामुळे निधी अपुरा असल्याची ओरड रास्तच आहे. आमचे अडले ते मात्र रकमेच्या आकड्यावर नव्हे, ती हातात पडण्याच्या वेळेवर. घड उतरवल्यावर खोड ताजे असतानाच धागा काढावा लागतो, म्हणजे चाचण्या काढणीच्या दिवसांतच व्हायला हव्यात. पहिल्या हप्त्याचा हिशेब मंजूर होऊन दुसरा हप्ता येईपर्यंत ओळखीच्या शेतकऱ्याची मृग बाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, रिकामी झाली होती. हिशेब अडला होता तो भंगार बाजारातून घेतलेल्या गिअरबॉक्सवर. नव्याच्या चौथाई किमतीत तो मिळाला, पण पक्के बिल नव्हते. शेवटी तो खर्च आम्हीच सोसला. खोडाचे पदर सुटे करून यंत्रात सरकवणाऱ्या बायांची मजुरीही ‘प्रोटोटाइप खर्चा’त बसली नाही. वस्तुतः यंत्राला हात कुठे अडकू शकतो, हे त्यांनीच आम्हाला दाखवले होते.

सेंटरच्या भिंतीवर ‘सर्वसमावेशक नवोन्मेष’ असा मोठा फलक आहे, पण अर्ज इंग्रजीत आणि सादरीकरणही इंग्रजीत. आमच्या आधी धडगावकडची एक बाई मोहफुले वाळवण्याची जाळीदार मांडणी घेऊन आली होती. ती पावरी या आदिवासी बोलीत बोले आणि तिच्या गावचा मुलगा मराठीत सांगे. परीक्षकांनी तिला देशभरातील बाजारपेठेचा आकार विचारला. फुलांना बुरशी किती लागते आणि पावसात मांडणी कशी झाकतात, हे कोणी विचारलेच नाही. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तिने पदरचा केला होता. औपचारिक तांत्रिक शिक्षण नसलेल्या कल्पकांसाठी 2000 साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थानिक भाषांतील नोंदी स्वीकारते, त्यामुळे इंग्रजीवाचून चालत नाही ही सबब मला पटत नाही.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, त्यांतील दोन त्या अभियंत्याचे. येथे जाणाऱ्यांनी हप्त्याचे वेळापत्रक पीक पाहून लेखी ठरवून घ्यावे आणि दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल इतके पैसे हाताशी ठेवावेत. प्रत्येक नट-बोल्टचे बिल अर्जदाराच्याच नावाने घ्यावे. आमची राहिलेली चाचणी आता कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, काढणीत होईल. या वेळचा गिअरबॉक्स नवा आहे, महागही आहे, आणि त्याचे पक्के बिल भावाने लॅमिनेट करून ठेवले आहे.