बाबांचं कानातलं मशीन, सात महिने वापरल्यावर

बाबांच्या दोन्ही कानांना मशीन लावून आता सात महिने झाले. आधीच लिहिणार होते पण म्हटलं नवं असताना सगळंच छान वाटतं, जरा रुळू दे मग लिहू. कानामागे बसणारं, बारीक वायरचं आणि वायरच्या टोकाचा इवलासा स्पीकर कानात जाणारं मॉडेल आहे, बाहेरून पटकन दिसतही नाही.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते. ऑनलाईन आवाज वाढवणारं एक यंत्र दिसलं, मी टेस्ट वगैरे काही न करता सरळ मागवून टाकलं. त्याने सगळंच मोठं झालं, पंखा मोठा, भांडी मोठी, दाराची कडी मोठी, आणि आम्ही काय बोलतो ते मात्र होतं तसंच. बाबांनी चार दिवसांत काढून ठेवलं आणि मशीनचा काही उपयोग नसतो हे डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच, त्यांना टेस्टला यायला तयार करण्यात पुढचे आठ महिने गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

टेस्टच्या आधी ईएनटी डॉक्टरांनी कानात बघितलं तर मळ घट्ट बसलेला, रोज कापसाचे बड्स घालून घालून आत ढकलला गेलेला. तो काढल्यावरच टेस्ट केली. बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा जरी बीप आला तरी बटण दाबायचं, 250 हर्ट्झच्या जाड आवाजापासून 8000 च्या पातळ आवाजापर्यंत. ग्राफवर लाल गोल म्हणजे उजवा कान आणि निळी फुली म्हणजे डावा. बाबांचा ग्राफ 1000 पर्यंत बरा आणि तिथून पुढे घसरगुंडी, 4000 ला दोन्ही कान 65 डेसिबलवर, म्हणजे आवाज तेवढा मोठा केला तेव्हाच ऐकू आला.

पण मला खरं कळलं ते पुढच्या टेस्टमध्ये. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या, मॅडमनी तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द म्हणत गेल्या, बाबांनी तो परत म्हणायचा. साप म्हटलं की बाबा म्हणाले ताप. थाप म्हटलं, बाबा म्हणाले बाप. फार म्हटलं तर चार. मी बाजूला बसून ऐकत होते, डोळ्यात पाणी आलं, कारण कितीतरी वेळा मी त्यांच्यावर चिडले होते की अहो सातला जायचंय सांगितलं होतं ना, आठ कुठून काढलंत. मॅडमनी समजावलं की आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते त्यांना ऐकू येतात, पण स, फ, थ, ख हे हवेसारखे पातळ आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीचे असतात आणि वयाने आधी तेच जातात. म्हणून बाबा म्हणायचे ना, "ऐकू येतं गं, कळत नाही," ते अगदी शब्दशः खरं होतं. ते स्वस्तातलं यंत्र जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं करत होतं.

आता मशीनबद्दल. पहिलं सेटिंग जिथून घेतलं तिथल्या माणसाने दहा मिनिटांत करून दिलं, ग्राफ कॉम्प्युटरला दिला आणि झालं. घरी आल्यावर बाबांची एकच तक्रार, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. फोन केला तर "सवय होईल". सवय लागते हे खरंच आहे, मेंदूला ते विसरलेले आवाज परत ओळखायला आठवडे जातात, पहिले पंधरा दिवस पेपरचं पान उलटलं तरी बाबा दचकायचे आणि ते हळूहळू आपोआप गेलं. पण रांजण काही गेला नाही. शेवटी टेस्ट केलेल्या मॅडमकडेच गेलो. त्यांनी कानात बारीक रबरी नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतोय ते मोजलं, आणि कानात जाणारी बंद रबरी टोपी काढून भोकं असलेली उघडी टोपी लावली. बाबांना जाड आवाज मुळात नीट ऐकू येतात, बंद टोपीने त्यांचा स्वतःचाच आवाज आत कोंडत होता. टोपी बदलली आणि त्याच खुर्चीत बसून बाबा म्हणाले, "आता माझा आवाज माझा वाटतोय." त्यामुळे सवय होईल म्हणून कोणी परत पाठवलं तर गप्प बसू नका, मशीन ड्रॉवरमध्ये जातं ते इथेच.

न आवडलेलं म्हणजे बॅटरी. 312 नंबरची, तपकिरी स्टिकरवाली, सहाएक दिवस जाते. स्टिकर काढल्यावर लगेच घालायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, ती हवेवरच चालू होते. पण ती इतकी छोटी की बाबांच्या थरथरत्या बोटांतून हमखास निसटते, मग पलंगाखाली शोधाशोध. हात थरथरत असतील तर चार्जिंगवालं घ्या, आम्ही तेच घ्यायला हवं होतं.

दोनदा मशीन मेलं म्हणून घाबरलो, दोन्ही वेळा काही बिघडलं नव्हतं, स्पीकरच्या तोंडाशी असलेली पांढरी जाळी मळाने बुजली होती. छोटी काडी येते, एका टोकाने जुनी जाळी ओढून काढायची, दुसऱ्या टोकाने नवी दाबून बसवायची, अर्ध्या मिनिटाचं काम. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवतो, घामाचा ओलावा निघून जातो.

गर्दीत अजूनही त्रास होतो, चार जण एकदम बोलले की बाबा गप्प होतात. दोघांतिघांत मात्र छान चालतं. आणि एक, कोणाला एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं तर मशीनचा विचार नंतर, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, तिथे उशीर महागात पडतो.

परवा रात्री बाबा झोपायच्या बेतात, मशीन अजून काढलेलं नव्हतं, म्हणाले बाथरूमचा नळ टपकतोय. मी जाऊन बघितलं, खरंच टपकत होता, मला ऐकूच आला नव्हता. पुढच्या महिन्यात परत ऑडिओग्राम, म्हणजे तीच बीपवाली टेस्ट, आहे, जुना ग्राफ फाईलला लावून ठेवलाय.